सरांनी तलवारवाला घेतला नाही

आमच्या रविवारच्या खेळात सर जादूगार होते. दुसऱ्या कुणाला ते जमलंही नसतं.

सर म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे ज्युनिअर कॉलेजातले रसायनशास्त्राचे शिक्षक. राहायला सांडोरला, केळीच्या बागेतल्या घरात. भाऊ शिकून नोकरीला लागला तरी त्यांची ओळख टिकली, आणि त्यानं हा खेळ घरी आणला तेव्हा पहिला फोन सरांनाच केला.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर भाऊ तो खेळ शिकला होता. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही एका दरीत आहात, समोर पूल आहे, पुलावर कोणीतरी उभं आहे. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. ते जमतं की नाही हे फासा ठरवतो. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते आणि दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही. भाऊ म्हणाला, रविवारी तरी बोल.

चौथे होते आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. कामणला एका गोदामाचे मॅनेजर. आठवडाभर ट्रकवाल्यांशी बोलून त्यांचा घसा कायम बसलेला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मला डोकं चालवायचं काम नको. मारामारी द्या."

त्यांना तलवारवाला दिला. तलवारवाल्याचं सोपं असतं. फासा टाकायचा, आकडा मोठा आला तर वार लागला, लहान आला तर हुकला. भावानं चोर घेतला. सरांनी नियमांच्या इंग्रजी पुस्तकातली सगळी पात्रं नीट वाचून काढली आणि म्हणाले, "यात सगळ्यात कठीण कोणतं?"

"जादूगार," भाऊ म्हणाला. "पण सर, नव्या माणसानं घेऊ नये म्हणतात."

"मग तोच दे."

जादूगाराकडे शेकडो मंत्र असतात, पण ते सगळे एकदम हाताशी नसतात. खेळातल्या प्रत्येक सकाळी त्यानं ठरवायचं की आज कोणते बरोबर न्यायचे. पूर येईल की आग लागेल हे माहीत नसताना ठरवायचं. मंत्र म्हणायची ताकदही मोजकी, आणि ती पायऱ्यापायऱ्यांची. लहान मंत्र मोठ्या पायरीवर चढवता येतो, मोठा खाली उतरवता येत नाही. काही मंत्रांना हात मोकळे लागतात, काहींना आवाज, काहींना खिशातली एखादी वस्तू. समोरच्याला फासा टाकून बचावायची संधी द्यायची की नाही हे मंत्रागणिक वेगळं. आगीचा मंत्र टाकला तर चौकटीत येणारे सगळेच भाजतात, आपली माणसंसुद्धा. आणि सगळ्यात अवघड भाग लक्षाचा. काही मंत्र टाकून भागत नाही, ते मनात धरून ठेवावे लागतात. असा एका वेळी एकच धरता येतो. दुसरा धरलात की पहिला सुटला.

भावाच्या हॉस्टेलवर जादूगार होणारी मुलं नियम बघायला मोबाइल उघडून बसत. सर काहीच उघडत नसत. चष्मा कपाळावर चढवून डोळे मिटायचे, आणि मग सांगायचे, "धुकं टाकतो. दुसऱ्या पायरीवर. डावीकडच्या दोघांना झाकायचं, मॅनेजरसाहेब बाहेर राहिले पाहिजेत, नाहीतर त्यांना दिसणार नाही." चौकटी आखलेल्या पटावर आम्ही मोहरे म्हणून कॅरमच्या सोंगट्या ठेवायचो. सरांनी मात्र स्वतःसाठी प्रयोगशाळेतलं काचेचं एक जुनं बूच आणलं होतं. धुकं टाकून झालं की ते बूच एक घर मागे घेत आणि डब्यातलं सुकेळं तोंडात टाकत. सुकेळी त्यांच्या घरच्या केळ्यांची, त्यांच्या बायकोनं उन्हात वाळवलेली.

अशी काही वर्षं गेली. आमच्या वसई स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी जेवणं उरकली की सर स्कूटरवरून येत. कॉलेजबद्दल ते बोलत नसत, घराबद्दलही नाही. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली, घरी नवराबायको दोघंच, एवढंच आम्हाला माहीत.

पहिली चूक झाली तेव्हा आम्ही हसलो. सरांनी एक मंत्र धरलेला असताना दुसरा धरला. भाऊ म्हणाला, "सर, दोन लक्षं?" सरही हसले. "अरे हो की." पुढच्या खेपेला त्यांनी सकाळी न निवडलेला मंत्र टाकला. मी सांगितलं, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच वाटलं, माझं चुकलं असेल.

मग आगीचा रविवार आला. मॅनेजरांचा तलवारवाला पटाच्या उजव्या बाजूला लढत होता. सरांनी नेमकी तिथेच आग टाकली.

"सर, मी उभा आहे तिथे," मॅनेजर म्हणाले.

"कुठे?"

"हा काय इथे."

सर पटाकडे बघत होते. मॅनेजरांचं बोट मोहऱ्यावर टेकलेलं होतं. सरांनी मान बरीच उजवीकडे वळवली आणि मग एकदम म्हणाले, "हां. हां. हा कधी आला?"

तो मोहरा मघापासून तिथेच होता. कुणी हसलं नाही. मी पट आवरायला घेतला, आज इथेच थांबू म्हणाले. सर जिन्यानं उतरताना त्यांचा उजवा खांदा भिंतीला घासत गेला. मी वरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी सांडोरला गेले. सर कॉलेजात होते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मागच्या पडवीत केळफूल सोलत होत्या. त्यांना हा खेळ कधी आवडला नव्हता. मोठी माणसं बाहुल्यांशी खेळतात असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्यामुळे काय सांगावं ते मला कळेना. शेवटी मी सरळ सांगितलं, "वहिनी, सरांना उजवीकडचं दिसत नाहीये. आणि ते विसरतायत. त्यांच्यासारखा माणूस त्या गोष्टी विसरत नाही."

मला वाटलं, त्या उडवून लावतील. त्यांनी हातातलं केळफूल खाली ठेवलं. "गेटला दोनदा स्कूटर घासली," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये मिस्सेला उभे राहून प्रार्थना म्हणतात ना, मधेच थांबतात. शेजारचे बघतात. मला वाटलं, वय झालं."

"वय कसलं, वहिनी."

"तेच," त्या म्हणाल्या.

डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि ती वाईट जातीची होती. मुंबईला ऑपरेशन झालं. जितकी निघाली तितकी काढली, उरलेली परत वाढणार, असं डॉक्टरांनी वहिनींना आणि सरांना एकत्र बसवून सांगितलं. किती वेळ आहे, असं सरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जे करायचं आहे ते पुढे ढकलू नका.

घरी आल्यावर महिन्याभरात त्यांचा फोन आला. शब्द हळूहळू येत होते. "रविवारी... या. इकडे. मला जिना नको."

आम्ही तिघं सांडोरला गेलो. त्यांचे केस गेले होते, डोक्यावर कापडाची टोपी होती, आणि चेहरा गोळ्यांनी सुजला होता. पुढच्या पडवीत टेबल मांडून ठेवलं होतं. खुर्ची त्यांनी अशी फिरवून घेतली होती की पट सगळा डाव्या बाजूला यावा.

भावानं घरून निघतानाच ठरवलं होतं, ते तो बोलून गेला. "सर, यावेळी तलवारवाला घ्या ना. सुटसुटीत आहे. दमणार नाही."

मॅनेजर लगेच म्हणाले, "माझा घ्या. मी दुसरं काहीतरी होतो. ढोल वाजवणारा वगैरे."

सर हसले. ओठाचं उजवं टोक जरा मागे राहिलं. "तलवारवाला चांगला आहे," ते म्हणाले. मग पुढचा शब्द शोधत बराच वेळ थांबले. आम्ही तिघांनी तो पुरवला नाही. "पण मी तो नाही."

म्हणून जादूगारच राहिला. आणि मी नियम ढिले केले. ते ठरवून झालं नाही. सर एखादा मंत्र म्हणायला लागले आणि नाव अडलं की मी म्हणायचे, हो, झालं, कळलं. ताकदीच्या पायऱ्या मोजणं मी सोडून दिलं. शत्रूला वाचायची संधी असली तरी फासा टाकत नसे. भाऊ आणि मॅनेजर बघत होते आणि चालू देत होते. दोनतीन रविवार सरांचा जादूगार कधी नव्हे इतका जिंकला.

एकदा त्यांनी पटावर तळहात आपटला. मोहरे उडाले.

"त्याला फासा दिला नाहीस," ते मला म्हणाले.

"कुणाला, सर?"

"त्या... राक्षसाला. वाचायचा फासा. तू टाकलाच नाहीस."

मी उडालेले मोहरे गोळा करायला लागले.

"कॉलेज म्हणतं, येऊ नका, पगार चालू आहे. फादर म्हणतात, गुडघे टेकू नका, बसून राहा. घरी ही मला कांदा चिरू देत नाही." एवढं सलग ते किती दिवसांत बोलले नव्हते. कपाळावर घाम आला होता. "सगळे सूट देतात. इथे नको. इथे मला सूट नको. कळलं?"

"कळलं, सर."

"चुकलो तर चुकलो."

मी मान हलवली. पुढच्या रविवारपासून सगळे फासे उघड्यावर टाकायचे आणि सगळे नियम पाळायचे, असं मी तिघांसमोर कबूल केलं.

त्यानंतरचे काही रविवार कठीण गेले. सरांची पाळी आली की पंधरा पंधरा मिनिटं जात. मंत्राचं इंग्रजी नाव त्यांना सापडेना, मग ते वर्णन करायचे. "ते... दोरीसारखं. वर जातं." मी विचारायचे, किती लांब, किती वेळ, कोणत्या पायरीवर. निम्म्या वेळा चुकायचं. चुकलं की मी सांगायचे, चुकलं, आणि ते मान हलवायचे. अधूनमधून एखादा डाव मात्र असा जमायचा की मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठायचे.

जादूगार गेला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. लख्ख ऊन होतं, बागेत पंप चालू होता. गोष्टीत आम्ही एका किल्ल्याच्या चोरदरवाजाशी होतो. उजवीकडून शिकारी कुत्र्यांचा कळप येत होता. सरांनी बर्फाची भिंत उभी करून तो अडवला होता. भिंत लक्षाची. मनात धरून ठेवायची. चोर आत शिरला, तलवारवाला दरवाजाशी झुंजत होता, आणि सरांच्या मनात तटावर जायचं आलं.

"उडतो," ते म्हणाले.

उडण्याचा मंत्रही लक्षाचा.

आधीच्या वर्षांत मी म्हटलं असतं, सर, भिंत? कुणीही मित्राला तेवढं म्हणतो. आता मी एवढंच विचारलं, "सर, नक्की?"

ते पटाकडे बघत होते, डावीकडे, तटाकडे. "नक्की."

टेबलाखालून मॅनेजरांचा पाय माझ्या पायाला लागला. भाऊ माझ्याकडे बघत होता. मला आठवतंय, पंपाचा आवाज तेव्हा फार मोठा वाटला. मी म्हणाले, "भिंत पडली."

सरांनी मान उजवीकडे वळवली. तेव्हा कुठे त्यांना कुत्रे दिसले.

उडण्याआधीच कुत्रे पोचले. मी फासे सगळ्यांसमोर टाकले. जादूगाराच्या अंगात तलवारवाल्याइतका जीव कधीच नसतो. तो पडला. पडलेल्याला वाचायला काही फासे मिळतात, ते सरांनी स्वतः टाकले. डाव्या हातानं, कारण उजवा आता नीट पकडत नव्हता. एक फासा घरंगळत जमिनीवर गेला, तो भावानं उचलून दिला. त्यांनी तो पुन्हा टाकला. लहान आकडा. पुन्हा लहान. मॅनेजरांनी आपल्या मोहऱ्यापासून घरं मोजली, मग पुन्हा मोजली. ते पोचत नव्हते.

"मेला," सर म्हणाले. हा शब्द त्यांना लगेच सापडला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "कोण मेला?"

सरांनीच त्यांना आपल्या घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला ती बोली पुरती कळत नाही. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पटावरच, मोहऱ्यांवर, आणि आत गेल्या.

आम्ही निघालो तेव्हा त्या गेटपर्यंत आल्या. भाऊ गाडी काढायला पुढे गेला होता. "तुम्हाला एवढंही कळत नाही?" त्या मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या माणसाच्या हातात आता काय उरलंय? एक रविवारचा खेळ. त्यातही तुम्हाला त्यांना मारायचं होतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, वहिनी. सूट नको म्हणून."

"ते सांगतील. आजारी माणूस काहीही सांगतो. आपण तसं करायचं असतं का?"

त्यांनी गेटची कडी लावली.

पुढच्या रविवारी जावं की नाही यावरून माझं आणि भावाचं भांडण झालं. तो म्हणाला, गोष्ट तुझी आहे, तू कुत्रे दुसरीकडे वळवू शकली असतीस, सरांना कळलंही नसतं. मी म्हणाले, त्यांना कळलं असतं. मॅनेजर म्हणाले, जाऊ या, हाकललं तर परत येऊ.

वहिनींनी हाकललं नाही. चहासुद्धा दिला. सरांना नवा जादूगार हवा होता.

नवं पात्र तयार करायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं निवडायचं. तलवारवाला दहा मिनिटांत होतो. जादूगाराचे मंत्र एकेक करून निवडावे लागतात, आणि एकदा घेतला की दुसरा सोडावा लागतो. तोवर सरांची इंग्रजी नावं सगळी गेली होती. मग पुस्तकी मराठी जायला लागली. वर्गात तीस वर्षं बोललेली ती भाषा दर आठवड्याला थोडी थोडी नाहीशी होत होती, आणि उरत होती ती घरची बोली, आईकडून आलेली. ती शेवटपर्यंत राहिली. पण टेबलाशी बसलेल्या आम्हा तिघांना ती येत नव्हती.

म्हणून वहिनी टेबलाशी बसायला लागल्या. मी मंत्राचं वर्णन मराठीत वाचायचे, त्या ते बोलीत सांगायच्या, सर काहीतरी म्हणायचे, आणि त्या मला परत सांगायच्या. चेहऱ्यावर नाराजी तशीच.

"हे म्हणतात, पाण्याखाली श्वास घेता येतो तो."

"तो घेतला तर दार उघडायचा घेता येणार नाही, विचारा."

त्या विचारायच्या. सर डोळे मिटून विचार करायचे. कधी उत्तर यायचं, कधी ते झोपून जायचे. एका दुपारी एखादा मंत्र निवडून व्हायचा, तोही पुढच्या वेळी त्यांना आठवत नसे. मग पुन्हा पहिल्यापासून. मॅनेजर आणि भाऊ नुसते बसून असत. खेळायला काही नव्हतंच.

पावसाळा संपता संपता सर अंथरुणाला खिळले. एका रविवारी वहिनी दारातच म्हणाल्या, "आज नको, ओळखत नाहीत." आम्ही तरी आत जाऊन उभे राहिलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाईकडे पाहावं तसं, कुठल्याही बाईकडे. भाऊ बाहेर जाऊन बागेत उभा राहिला. त्याच आठवड्यात फादर येऊन प्रार्थना म्हणून शेवटचं पवित्र तेल लावून गेले, आणि शुक्रवारी सर गेले.

चर्चच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. मुलगी आली होती. कॉलेजची मुलं पांढऱ्या शर्टात रांगेनं उभी होती. प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. आमच्या खेळाबद्दल कोण बोलणार. आम्ही तिघं मागे भिंतीशी उभे राहिलो, माती टाकली आणि घरी आलो.

सर जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्सेला मी एकटीच गेले. भावाची बदली पुण्याला झाली होती. मॅनेजरांना सुट्टी नव्हती. नंतर सरांच्या घरी सगळ्यांना चहा आणि केक होता. लोक गेल्यावर मी कप उचलू लागले, तर वहिनी म्हणाल्या, "बसा. एक विचारायचंय."

मी बसले. मला वाटलं, आता जादूगाराला मारल्याचं निघणार.

"ते सोपं होतं ना, तलवारीचं. मग हेच का घ्यायचे? मी त्यांना विचारलं होतं. त्यांना सांगता आलं नाही."

मग मी त्यांना जादूगार समजावून सांगितला. सकाळची निवड, ताकदीच्या पायऱ्या, लक्ष. वर्णनं त्यांनी आधी ऐकलेली होती, पण ती एकत्र कशी बसतात ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या मधे मधे थांबवून विचारत होत्या. चुकीचा मंत्र बरोबर नेला तर? दिवसभर तसंच काढायचं. ताकद संपली तर? दुसऱ्यांच्या मागे उभं राहायचं.

"आणि लक्ष सुटलं तर मरायचं."

"कधी कधी. त्या दिवशी तसं झालं."

"हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं?"

"सगळं."

बाहेर कोणीतरी केळीचे घड टेम्पोत चढवत होतं, ते मोजल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही त्यांना मारायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मला अजून तसंच वाटतं."

"हो, वहिनी."

"साखर घ्या. चहा कडू झालाय."

मी साखर घेतली. आम्ही चहा संपेपर्यंत बसलो, आणि मग त्या दिवा लावायला उठल्या.